मास्तर बसले की दिवा लागतो

ठिपक्याला बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. गाडीखाली आडवा पडलेला, बॉनेटमध्ये कमरेपर्यंत घुसलेला, भिंतीला टेकून एका पायावर चहा पीत असलेला, असा सगळ्यांनी पाहिलाय. बसलेला नाही. पायाला भिंगरी आहे म्हणावं तर भिंगरी निदान कधीतरी थांबते. त्याची आई सांगायची, हा पोटात होता तेव्हाही आत कुणीतरी सामान हलवतंय असं वाटायचं.

शाळा त्यानं आठवीत सोडली. शाळेची विजेची घंटा बिघडली होती. शिपाई स्टूल आणायला गेला, तेवढ्यात हा खिडकीवर चढला, घंटेचं झाकण काढलं आणि दोन वायरी जोडून मोकळा झाला. घंटा दुरुस्त झाली. इतकी दुरुस्त झाली की वार्षिक परीक्षेच्या पेपरात चाळीस मिनिटं थांबलीच नाही. मुख्याध्यापकांनी घरी निरोप पाठवला. वडील येणार या भीतीनं हा दाराआड उभा, पण आली ताई. स्वतः बारावीत होती तेव्हा. तिनं मुख्याध्यापकांना सांगितलं की ह्याला बसायचं काम देऊ नका, उभ्यानं करायचं द्या, मग बघा. मुख्याध्यापकांकडे उभ्यानं करायचा विषय नव्हता. मग ताईनंच त्याला स्कूटरच्या मागं घातलं आणि उस्तादांच्या गॅरेजवर नेऊन सोडलं. संध्याकाळी वडिलांच्या दोन थपडा पडल्या, त्याही तिनंच खाल्ल्या. खरं तर त्या ह्याच्या होत्या.

ह्याला सतरा वर्षं झाली. ठिपक्या त्या थपडा विसरला नाही. ताईबद्दल कुणी वाकडं बोललं तर तो हातातला पाना खाली ठेवायचा, आणि पाना तो फक्त भांडायलाच खाली ठेवायचा.

आता ठिपक्या हे नाव कसं पडलं ते सांगतो. गॅरेजवर पहिल्या वर्षी त्यानं एका गाडीचं मागचं चाक बसवलं, चारपैकी दोन नट आवळले, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि हा गेला. परत आला तो दुसऱ्याच गाडीकडे. ती गाडी फाटकातून बाहेर पडली आणि चाक तिच्या आधी रस्त्यावर गेलं. उस्तादांनी हात उगारला नाही. नखांना लावायच्या रंगाची असते तेवढी एक बाटली आणून दिली, आत पिवळा रंग. म्हणाले, आवळलास की ठिपका दे. ठिपका नसेल तर आवळलेला नाही, मग तू कितीही शपथा घे.

त्या दिवसापासून ठिपका. नटावर, बोल्टवर, वायरीच्या टोकाच्या कानावर. ज्याचं लक्ष दहा ठिकाणी पळतं त्याच्यासाठी ती बाटली म्हणजे लक्षाला बांधलेली दोरी होती. पुढं पुढं गिऱ्हाइकंच बॉनेट उघडून पिवळं शोधायला लागली. दुसऱ्या गॅरेजचे लोक गाडी उघडायचे आणि म्हणायचे, हे नको बघायला, हे ठिपक्याचं आहे. पिवळा ठिपका म्हणजे विषय संपला. आणि खरं सांगायचं तर ठिपक्याच्याही डोक्यात ते तसंच बसलं होतं. स्वतःचा ठिपका त्यानं परत उघडून पाहिला असं सतरा वर्षांत झालं नव्हतं.

उस्तादांची नजर आता गेल्यात जमा होती. दारातल्या खुर्चीत बसून ते गाड्या ऐकायचे. गॅरेज चालवायचा ठिपक्या, पण पाटी उस्तादांची आणि शब्दही त्यांचाच.

ताई गाडी चालवायची. राखाडी रंगाची, सात माणसं बसतील अशी. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांचं रक्त मशीनवर धुवायला आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यावं लागतं. दवाखान्याच्या स्वतःच्या गाड्या पुरत नाहीत, म्हणून त्यांनी बाहेरच्या गाड्यांची एक यादी केली होती. त्या यादीत ताई चार वर्षं होती. सकाळी माणसं न्यायची, दुपारी गळून गेलेली माणसं घरी आणायची. काम हळू गाडी चालवणाऱ्याचं, आणि ताईसारखी हळू गाडी कुणी चालवत नाही. तिच्या डॅशबोर्डवर पाण्यानं भरलेला पेला ठेवला तरी सांडायचा नाही. नवरा सोडून गेल्यावर तिनं उभं केलेलं हे एकच काम, घर त्याच्यावर आणि तिची मान ताठ तीही त्याच्यावरच.

आणि ह्या गाडीत तो दिवा लागायला लागला.

स्टीअरिंगच्या मागं काट्यांच्या मध्ये इंजिनचं छोटं चित्र असतं. चावी फिरवली की पेटतं आणि गाडी चालू झाली की विझतं. ते विझलं नाही, किंवा चालता चालता परत पेटलं, तर समजायचं की इंजिनच्या अंगावर जे सेन्सर असतात, म्हणजे गरम किती, हवा किती, पाय किती दाबला हे सांगणारे, त्यातल्या एकानं तक्रार केलीय. तक्रार गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदली जाते. स्कॅनर लावला की वाचता येते.

ठिपक्याला स्कॅनर फार आवडायचा. विचारलं की लगेच उत्तर, वाट बघायची भानगड नाही. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा स्कॅनर म्हणाला, धुराच्या नळीतला सेन्सर. ठिपक्यानं तो बदलला, ठिपका दिला, नोंद पुसली, दिवा गेला. नऊ दिवसांनी परत लागला. आता स्कॅनर म्हणाला, हवेच्या झडपेचा सेन्सर. तोही बदलला. ठिपका. पुसलं. सहा दिवसांनी परत. आता पाण्याच्या तापमानाचा. तो घ्यायला गेला तेव्हा स्पेअरवाला हसून म्हणाला की मिस्त्री, आता बदलायचं फक्त इंजिनच राहिलंय, तेही घेऊन जा आणि दिव्याखाली नवी गाडी बसवा. ठिपक्या त्याच्यावरच घसरला. तुझा माल खोटा, डबा नवा आणि आत कचरा. दोघांचं बोलणं बंद झालं.

मग पेट्रोलवर आळ आला. मग रस्त्यावरच्या खड्ड्यांवर. मग ताईवर.

ते असं झालं. सोमवारी दुपारी ताई मास्तरांना घरी सोडत होती. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, आठवड्यातून तीनदा मशीनवर जाणारे, अंगानं काडी आणि जिभेनं छडी. रस्त्यावरच्या पाट्यांमधल्या चुका मोठ्यानं वाचत जायचे. पुलाच्या चढावर दिवा लागला आणि गाडीनं जीव सोडला. बंद नाही पडली. ताई पाय दाबतेय आणि गाडी मुंगीच्या चालीनं चाललीय. काही बिघडलं असं कॉम्प्युटरला वाटलं की तो इंजिनचा जोरच काढून घेतो, तसलं. मागं ट्रक, ट्रकच्या मागं ट्रक, सगळ्यांचे हॉर्न, आणि आत मास्तर, अंगात रक्त नुकतंच परत आलेलं. कशीबशी कडेला घेतली. ठिपक्या मोटरसायकलवर पोचला, स्कॅनर लावला, नोंद पुसली, गाडीत जोर आला. आणि घाईघाईत, घामाघूम, मास्तर मागच्या सीटवर ऐकत असताना तो ताईला म्हणाला, "तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस. गाडीला दोष देऊन काय उपयोग."

ताईनं काच वर केली आणि निघाली.

पण तिच्या पुढच्या फेरीतला पेशंट दीड तास वाट बघत बसला होता आणि त्याच्या सुनेनं दवाखान्यात तक्रार केली. मंगळवारी ताईच्या हातात कागद पडला. दवाखान्याचं गाड्यांचं काम बघणाऱ्या साहेबांची सही. शुक्रवारी सकाळी गाडी आवारात तपासायला आणा. बिघाड का झाला ते मिस्त्रीच्या सहीनं लिहून आणा. सेन्सर बदलला, गाडी ठीक आहे, असे दोन कागद आधीच आलेले आहेत, तिसरा चालणार नाही. कारण सापडलं नाही तर गाडी यादीतून बाहेर.

ते आधीचे दोन्ही कागद ठिपक्यानंच दिले होते. सहीखाली गॅरेजचा शिक्का मारून.

ताईनं तो कागद गॅरेजवर आणला आणि ठिपक्याच्या हातात न देता उस्तादांच्या मांडीवर ठेवला. बोलली उस्तादांशीच. ठिपक्या चार गाड्यांच्या मधून येरझाऱ्या घालत होता, पाने एका ट्रेमधून दुसऱ्या ट्रेमध्ये टाकत होता. त्याला कागद दिसत होता, ताईचे डोळे दिसत होते, आणि ती आपल्याकडे बघत नाहीय हेही दिसत होतं. त्यापेक्षा तिनं एक कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

तो मध्येच म्हणाला की आज संध्याकाळपर्यंत सगळे सेन्सर बदलून टाकतो, एकदम, कटकट नको. उस्तादांनी त्याच्याकडे मान वळवलीच नाही. ताईला त्यांनी एवढंच विचारलं, "दिवा लागतो तेव्हा गाडीत कोण असतं?"

ताईनं आठवलं. मग तिचं तिलाच नवल वाटलं. "मास्तर," ती म्हणाली. "दर वेळी मास्तरच. आणि दर वेळी परत येतानाच. जाताना कधी नाही."

ठिपक्या हसला. मास्तर काय इंजिनवर हात ठेवून बसतात का, असं काहीतरी बडबडला. उस्ताद म्हणाले की तू चार वेळा स्कॅनरला विचारलंस, चालवणारीला एकदाही विचारलं नाहीस. उद्या मास्तरांबरोबर जा. मागं बस आणि बघ. नोंद पुसायची नाही, काही उघडायचं नाही. फक्त बसायचं.

बसायचं हा शब्द ऐकूनच ठिपक्याच्या पायाला मुंग्या आल्या. पण उस्तादांच्या शब्दापुढं तो कधी गेला नव्हता.

बुधवारी सकाळी तो मागच्या सीटवर, मांडीवर स्कॅनर, शेजारी मास्तर. ताई आरशातून फक्त रस्ता बघत होती. ठिपक्याचा गुडघा हलत होता, बोटं दाराच्या हँडलवर वाजत होती. मास्तरांनी दहा मिनिटं सहन केलं आणि मग विचारलं की तुझं शिक्षण किती.

"आठवी. तीही पूर्ण नाही."

"कशात नापास?"

"बसण्यात," ठिपक्या म्हणाला.

मास्तर हसले आणि हसता हसता त्यांना खोकला आला. ताईच्या ओठाचा कोपरा आरशात थोडा हलला, पण तेवढंच. जाताना दिवा लागला नाही. स्कॅनरवर पाण्याचं तापमान अठ्ठ्याऐंशी, सगळे आकडे शहाण्यासारखे जागच्या जागी. मास्तर सकाळी थंडीनं काकडायचे. अंगावर शाल, सगळ्या काचा बंद, एसीला हात लावायचा नाही.

मशीनवरचे चार तास ठिपक्यानं दवाखान्याच्या आवारात घालवले. एकोणीस वेळा गाडीभोवती फिरला. बॉनेटला हात लागत होता आणि तो हात मागं घेत होता. ताई बाकावर बसून डबा खात होती. अर्धा डबा तिनं बाकावर त्याच्या बाजूला सरकवून ठेवला. त्यानं तो उभ्यानं खाल्ला.

दुपारी मास्तर आले ते दुसरेच मास्तर. चेहरा पांढरा, श्वास वर, अंगाला घाम. मशीनवरून आलं की त्यांचा जीव असाच घुसमटायचा. बसल्या बसल्या म्हणाले की हवा सोडा, पूर्ण सोडा. ताईनं एसी लावला, पंखा दोनवर. मास्तर म्हणाले चारवर. ताईनं पंखा चारवर नेला.

ठिपक्याचा गुडघा थांबला.

मांडीवरच्या स्कॅनरवर पाण्याचं तापमान अठ्ठ्याऐंशीवरून सत्त्याण्णववर गेलं. चढत चढत नाही, टुणकन. त्यानं ताईला पंखा दोनवर करायला सांगितलं. आकडा अठ्ठ्याऐंशी. चारवर. सत्त्याण्णव. मास्तर चिडले की माझ्या हवेशी काय खेळताय. ठिपक्या तोंडातल्या तोंडात म्हणाला, पाणी असं उडी मारत नाही. चहाचं भांडं गॅसवर ठेवलं तरी वेळ घेतं, आणि हे पंख्याच्या बटणासरशी नऊ अंश गरम होतं म्हणजे पाणी गरम होतच नाहीय. सेन्सर खोटं सांगतोय, आणि त्याला खोटं बोलायला दुसरंच कुणीतरी लावतंय.

तेवढ्यात मास्तरांनी त्यांची काचही खाली करायला लावली. काचेची मोटर फिरली आणि डॅशबोर्डवर इंजिनचं पिवळं चित्र पेटलं.

"लागला," ताई म्हणाली. गेल्या दोन दिवसांत ठिपक्याला उद्देशून तिनं काढलेला हा पहिला शब्द.

"लागू दे," ठिपक्या म्हणाला. "चढ टाळून घे. पंखा चारवरच ठेव, मास्तरांना लागतो तो."

मास्तरांना सोडून गाडी गॅरेजवर आली तेव्हा ठिपक्याला कळून चुकलं होतं की शोधायचं काय. गाडीत वीज बॅटरीतून निघते, काम करते आणि परत बॅटरीत येते. परत यायचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंड आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत आलेली एक जाड पट्टी, तिला अर्थ म्हणतात. हा परतीचा रस्ता अडला की सगळ्या सेन्सरचे हिशेब चुकतात. पंखा कमी असेल तोवर निभावतं. पंखा चारवर, एसी, काच, सगळं एकदम आलं की वीज अडते, आणि एक सेन्सर आज बोंबलतो, दुसरा उद्या. तीन चांगले सेन्सर त्यानं काढून कचऱ्यात टाकले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही तीनदा.

त्यानं मीटर घेतला. एक टोक बॅटरीच्या काळ्या खुंटीवर, दुसरं इंजिनच्या अंगावर. गाडी चालू, पंखा चारवर. मीटरनं शून्याच्या आसपास काहीतरी दाखवायला हवं होतं. दाखवलं जवळजवळ एक व्होल्ट. मग तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरला आणि वर बघत टॉर्च लावून पट्टी शोधली. गिअरबॉक्सच्या बाजूला बॉडीलाच जोडलेली लोखंडाची एक छोटी चपटी पाटली होती, तिच्यावर पट्टीचं टोक, टोकावर बोल्ट.

बोल्टवर पिवळा ठिपका.

आठ महिन्यांपूर्वी ताईचा क्लच बदलला होता, तेव्हा गिअरबॉक्स उतरवताना ही पट्टी सोडावी लागली होती. हे त्याला आठवलं. पाटलीला गंज लागलेला दिसला, ताईची गाडी म्हणून त्यानं कौतुकानं तो घासला आणि वर काळा रंग मारला. हेही आठवलं. रंग मारताना कुणीतरी हाक मारली होती. परत आला तेव्हा रंग वाळला होता आणि त्यानं पट्टी त्या रंगावरच ठेवून आवळली. घट्ट आवळली. ठिपका दिला.

रंगातून वीज जात नाही. हे तर त्यानं आठवीतही सांगितलं असतं. बोल्टच्या आट्यांनी सात महिने कसंबसं निभावून नेलं, मग आट्यांनाही गंज चढला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ह्या एका महिन्यात तो बोल्टच्या शेजारून चार वेळा गेला असेल, आणि पिवळं दिसलं म्हणून चारही वेळा पुढं गेला असेल.

पाना बोल्टवर चढवलेला होता. तो तसाच राहिला. खड्ड्यात कुणी नव्हतं. बोल्ट सोडायचा, घासायचा, परत आवळायचा, दहा मिनिटांचं काम. कागदावर लिहायचं की पट्टी जुनी झाली होती, नवी टाकली. पट्टी जुनी होतेच. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. उस्तादांच्या पाटीला डाग नाही, स्पेअरवाल्यापुढं मान खाली नाही, ताईचं काम शाबूत.

दारातून उस्तादांचा आवाज आला. "हात का थांबला रे?"

त्यांना दिसत नव्हतं, पण पान्याचा आवाज कुठं तुटला ते त्यांना कळायचं.

ठिपक्यानं खोकल्यासारखं केलं. मग म्हणाला, "बोल्ट माझाच आहे."

मग खुर्ची करकरली. "पिवळा?"

"पिवळा."

"खाली काय आहे?"

"रंग."

उस्ताद शिव्या देतील म्हणून ठिपक्या थांबला होता. शिव्या आल्या असत्या तर त्याला हलता आलं असतं. शेवटी ते म्हणाले की मग कपाळाला हात लावून काय होणार, घास. आणि कागद तूच लिही, माझ्या शिक्क्याची काळजी मला करू दे.

त्यानं बोल्ट सोडला. पाटली घासली, लोखंड नाण्यासारखं चमकेपर्यंत. पट्टीचं टोक घासलं, बोल्ट नवा घेतला. आवळला. बाटली उघडली आणि ब्रश परत आत घातला. आधी मीटर लावला, पंखा चारवर, एसी, दिवे, वायपर, काचा, जे जे आहे ते सगळं चालू केलं. मीटर शून्यावर बसून राहिला, ठिपक्याला आयुष्यात कधी जमलं नाही तसा. तेव्हा कुठं त्यानं ठिपका दिला.

ताईला सांगायचं होतं. ती गॅरेजच्या पाठीमागच्या नळावर हातपाय धूत होती. तो नळापाशी गेला, परत आला, परत गेला. तिसऱ्यांदा त्यानं सगळं एका दमात सांगून टाकलं, मध्ये श्वास न घेता, तिच्या तोंडाकडे न बघता. बोल्ट, रंग, क्लच, आठ महिने.

ताईनं नळ बंद केला. तिला बोल्टचं काही पडलेलं नव्हतं. चुका काय, माणसाच्या हातून होतातच, असं ती म्हणाली. मग ओढणीनं हात पुसत म्हणाली, "क्लचवर पाय ठेवतेस म्हणालास तू मला. पॅसेंजरसमोर. चार वर्षं मी त्या माणसांना फुलासारखं नेतेय, आणि माझा भाऊ त्यांच्यासमोर म्हणतो मला चालवता येत नाही."

ठिपक्यानं नळाला हात घातला. ती गेली तरी तो थेंब थेंब गळणारा नळ आवळत राहिला.

गुरुवारी ताईनं गाडी दिवसभर चालवली. नोंदी त्यानं पुसल्या नव्हत्या. स्वतःहून जातील तेव्हाच खरं, असं त्यानं ठरवलं होतं. सकाळी दिवा होता. दुपारपर्यंत होता. ठिपक्यानं तिला अकरा फोन केले, बाराव्याला तिनं उचललाच नाही. संध्याकाळी तिसऱ्या का चौथ्या वेळेला गाडी चालू केली आणि दिवा विझला तो परत आला नाही.

त्या संध्याकाळी ठिपक्यानं कागद लिहिला. बॉनेटवर ठेवून, उभ्यानं. क्लच बदलायला लागतो त्याहून जास्त वेळ लागला आणि तीन कागद फाटले. अक्षर असं की कोंबडीनं पाय पुसलेत. शुक्रवारी सकाळी मास्तर मशीनवर गेल्यावर तो ताईच्या मागं साहेबांसमोर उभा राहिला. साहेब जाड चष्म्याचे, शर्टाच्या खिशात तीन पेनं, गाडीवर बारीक नजर. त्यांनी कागद वाचला. मग चष्मा काढून परत वाचला.

कागदावर एवढंच होतं. क्लच बदलताना मी अर्थचा बोल्ट रंगावर आवळला. त्यामुळे सेन्सर खोटं सांगत होते. बदललेले तिन्ही सेन्सर चांगले होते. आधीचे माझे दोन कागद चुकीचे आहेत. चूक माझी आहे, गाडी चालवणारीची नाही.

साहेबांनी विचारलं की हे कुणी सांगून लिहून घेतलं का. ठिपक्या म्हणाला नाही. साहेबांनी आपला स्कॅनर लावला, गाडीतलं जे जे चालू करता येतं ते चालू केलं आणि घड्याळ लावून वीस मिनिटं आवारात फिरवली. ठिपक्या गाडीबरोबर चालत होता. साहेबांनी काच खाली करून त्याला एका जागी उभं राहायला सांगितलं, तेही त्याला जमलं नाही.

गाडी यादीत राहिली. पण साहेब सोडणाऱ्यातले नव्हते. ते म्हणाले की आमच्या यादीतल्या अजून चार गाड्या तुमच्या गॅरेजवर जातात. एका बोल्टखाली रंग असेल तर बाकीच्यांखाली नसेल कशावरून? त्या चारही उघडून बघा आणि प्रत्येकीचा वेगळा कागद द्या. आणि तोवर उस्तादांच्या शिक्क्याचा नवा कागद मी घेणार नाही.

उस्तादांचा शिक्का आजवर कुणी नाकारला नव्हता. पण ह्यावर भांडायला खाली ठेवावा असा पाना ठिपक्याच्या हातात नव्हता. तो हो म्हणाला. मग स्वतःहून म्हणाला की चार नाही साहेब, त्या दिवसांत मी नऊ गाड्यांना तो काळा रंग मारलाय. नऊही उघडतो.

ताईनं तेव्हा पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

परतीच्या फेरीला तो गाडीत चढला. कुणी बोलावलं नव्हतं. मास्तर आले, पांढरे पडलेले, टेकले आणि पंखा चारवर मागितला. ताईनं दिला. मग काच मागितली. तीही खाली आली. डॅशबोर्डवर अंधारच. ठिपक्या दोन सीटच्या मधून मान काढून तिथंच बघत होता.

पुलाच्या चढाला गाडी लागली तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, सोमवारी मी इथंच ताईला म्हणालो होतो की ती क्लचवर पाय ठेवते. ती ठेवत नाही. माझ्या हातून बोल्ट चुकला होता."

मास्तरांचे डोळे मिटलेले होते. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "हिच्या गाडीत मला झोप लागते. क्लचवर पाय ठेवणाऱ्याच्या गाडीत झोप लागत नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "सोमवारीच सांगणार होतो. तू विचारलं नाहीस."

ताईनं गिअर बदलला. गाडी चढ चढून वर आली, धक्का नाही, हिसका नाही. मास्तरांचं डोकं हळूहळू काचेकडे कललं.

ठिपक्यानं हात लांब करून हेडलाइट लावले. भर दुपारी. मग वायपर. कोरड्या काचेवर ते करकर करत फिरायला लागले.

"काय करतोयस?" ताई दबक्या आवाजात म्हणाली.

"बघतोय, दिवा लागतो का."

"नाही लागत. बंद कर ते, मास्तर उठतील. आणि मागं बस."

त्यानं वायपर बंद केले. मागं सरकला, पाठ टेकवली. खालच्या वळणापर्यंत तो तसाच होता, म्हणजे मिनिटभर तरी. मग त्यानं खिशातून कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून नऊ गाड्या कुणाकुणाच्या ते लिहायला लागला. सहा आठवल्या. सातवी आठवेना, तसा गुडघा परत हलायला लागला.

"त्या पाववाल्याची," ताई आरशात न बघता म्हणाली. "तिलाही तो रंग मारला होतास तू. माझ्या गाडीच्या आदल्याच आठवड्यात."